पैनगंगेकडचा पट्टा

‘आपला पट्टा’ असं गझाला फोनवर म्हणाली आणि साजिदचा कांदा चिरणारा हात थांबला. ती गॅलरीत उभी राहून बोलत होती. खाली आर्णी रोडवरून ट्रक गेला की तिचं बोलणं पुसलं जायचं, ट्रक पुढे सरकला की पुन्हा उमटायचं. तेवढ्यात ते दोन शब्द स्वच्छ ऐकू आले. ‘आपला पट्टा अजून कोणं पाह्यला कुठं नयन, सारे वरून वरून गाड्या पुढं नेतात.’ मग ती हसली. साजिदने सुरी पुन्हा चालवायला घेतली, पण चकत्या आता जाड पडू लागल्या. पट्टा म्हणजे उमरखेडच्या दक्षिणेला पैनगंगेकडे उतरत जाणारी जमीन. जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या खडकाखाली झाकलेला आहे. तिथे मात्र नाल्यांनी ते काळं पांघरूण खरवडून काढलंय आणि खालचा फार जुना खडक उघडा पडलाय. त्या खडकात तांबं असेल का, तांब्याच्या आसऱ्याने थोडं सोनंही असेल का, आणि असलं तर पुढे शोधत जावं इतकं असेल का, हे ठरवायचं काम गझालाच्या ऑफिसने तिच्याकडे दिलं होतं. नयन तिच्या हाताखालचा, पुसदचा, वयाने लहान. जमिनीत वीज सोडून खालच्या खडकाचा अंदाज घेणारी यंत्रं तो सांभाळायचा. हे सगळं साजिदला माहीत होतं. ‘आपला’ या शब्दात नयन कधी येऊन बसला आणि त्यातून आपण कधी उतरलो, एवढंच त्याला आठवत नव्हतं.

कारण तो शब्द आधी त्या दोघांचा होता. लग्नाच्या आधी, एमएस्सीला असताना, ते त्याच भागात हिंडले होते. टेंभरी नावाच्या गावाजवळचा नाला, एप्रिलचं ऊन, पाण्याची एक बारीकशी धार आणि पांढऱ्या गारगोटीवर बसलेला हिरवा डाग. तांबं असलेल्या खडकाला हवापाणी लागलं की असा डाग पडतो, हे पुस्तकात वाचलेलं. डोळ्यांनी पाहिलं ते तिथे. साजिदने हातोडीने कपची उडवली होती, तिने ती थुंकीने ओली करून उन्हात धरली होती, आणि दोघांनाही एकदम हसू आलं होतं, जसं काही कोणाची तरी चोरी पकडली. त्याच पट्ट्यावर त्याने पीएचडीला नाव नोंदवलं. मग उमरखेडला अब्बा आजारी पडले, ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज बंद झालं, पीएचडी राहिली. ऑफिसच्या जागेसाठी दोघांनी मुलाखत दिली आणि तिची निवड झाली. त्याने मिठाई आणली, साऱ्या बिल्डिंगमध्ये वाटली, आणि वाटताना गाल दुखेपर्यंत हसला. तो आता यवतमाळच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत होता. बाभुळगावहून एसटीने येणारी पोरं त्याच्यासमोर बसायची. दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही म्हणून त्यांनी हा विषय घेतलेला असायचा. फडताळातला खडकाचा तोच तुकडा तो दरवर्षी त्यांच्या हातात द्यायचा आणि तोच परत घ्यायचा.

तरी संध्याकाळ त्याची होती. गझाला फिल्डवरून यायची, बूट दारात काढायची, आणि पाय धुतानाच सुरू व्हायची: अमुक ठिकाणी खडकाची पानं कशी उभी आहेत, नाल्याच्या मातीत तांब्याचं प्रमाण कुठे वाढतं, कुठे एकदम पडतं. तो चहा ठेवता ठेवता प्रश्न विचारायचा. ती उत्तरं द्यायची, अडायची, मग दोघं मिळून ती अडचण सोडवत बसायचे. दिवसभर वर्गात घासून गुळगुळीत झालेलं त्याचं ज्ञान त्या तासाभरात पुन्हा धारदार व्हायचं. अलीकडे तिचं येणं तसंच होतं, बूटही तसेच लाल मातीचे. पण बोलणं जीपमध्येच संपलेलं असायचं. ‘काय म्हणते पट्टा?’ असं त्याने विचारलं की ती म्हणायची, ‘चांगलं चालू आहे,’ आणि डोळे मिटून भिंतीला टेकायची. उष्ट्या ताटासारखं ते ‘चांगलं’ त्याच्यापुढे पडून राहायचं. जेवण कोणी जेवलं असेल ते तो ओळखत होता. कधी कधी तो त्या जीपचाच विचार करत बसे. महागावच्या पुढचा खराब रस्ता, काचेवरची धूळ, मांडीवर उघडलेला नकाशा, त्यावर ठेवलेलं तिचं बोट आणि त्या बोटाशेजारी दुसरं बोट. त्या चित्रात तिने नयनचा हात धरला असता तर बरं झालं असतं, असंही त्याला एकदा वाटलं. मग निदान राग कशाचा आहे ते कळलं असतं.

‘रविवारी येतोस काय टेंभरीले?’ जेवताना तिने विचारलं. ‘तू तिकडचा चप्पा चप्पा फिरला आहेस. खडक तपासाले भोक कुठं पाडायचं ते ठरवून राह्यलो आम्ही. तूही एकदा नजर टाक.’

‘आम्ही म्हणजे?’

‘मी अन् नयन. अजून कोण?’

तो गेला. जीपमध्ये नयन पुढे बसला होता. साजिद चढताच तो उतरला आणि ‘सर, तुम्ही पुढं बसा’ म्हणत मागे गेला. त्याचा हा सभ्यपणा साजिदला टोचला. नयनने ‘तुमचा पेपर वाचलो सर’ म्हटलं तेही टोचलं, कारण तो पेपर फार जुना होता आणि त्यानंतर दुसरा नव्हता. टेंभरीत शिवाराच्या तोंडाशीच विठ्ठलराव भेटले. ज्या शेतात भोक पाडायचं ठरत होतं ते त्यांचं. उंच, सावळे, खांद्यावर टॉवेल. त्यांनी साजिदकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं.

‘तुम्ही रहमत मिस्त्रीचे पोरगे नोहे?’

‘हो. कसं ओळखलं?’

‘नाकावरून. बाप्पा! तुमच्या बाबानं माह्या ट्रॅक्टरचं इंजिन दोनदा खोललं. दुसऱ्या कोनाले हात नाई लावू दिला मी.’ मग बायकोला हाक मारली, ‘विमल, मिस्त्रीचा पोरगा आला व, चहा ठेव.’ विमलताईंनी पदर सावरत सगळ्यांना ओसरीवर बसवलं. गझालाशी त्यांची आधीच ओळख दिसली. ‘पोरी, वाळली तू’ म्हणून त्यांनी तिच्या हातात गूळशेंगदाणे ठेवले.

नाल्यात उतरल्यावर साजिदला सगळं आठवेल असं वाटलं होतं, पण नाला लहान झाला होता, किंवा तो स्वतः जाड झाला होता. काठावर बाभळी वाढल्या होत्या. गझाला पुढे, तिच्या मागे नयन, सगळ्यात मागे तो. ती ज्या सहजतेने दगडावरून दगडावर जात होती ते तो पाहत राहिला. घरात तिचे खांदे पडलेले असायचे. इथे तिचं अंग वेगळंच होतं, हलकं, नेमकं, हातोडीचा घाव घालताना किंचित जीभ बाहेर काढणारं. हे अंग आठवड्यातून पाच दिवस नयनला दिसत होतं. ती थांबली, वाकली, पांढऱ्या गारगोटीवरून बोट फिरवलं आणि नयनला म्हणाली, ‘हे पाह्य, इथंच मी पहिल्यांदा पाह्यलं होतं. कॉलेजात असताना.’

मी. साजिद तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. त्याला वाटलं ती आता वळेल, म्हणेल, म्हणजे साजिदने अन् मी. ती वळली नाही. तिला ते लपवायचंही नव्हतं; ती इतक्या सहज म्हणाली की ते खरंच असणार असं ऐकणाऱ्याला वाटावं. आणि मग, उन्हात उभं राहिल्या राहिल्या, त्याला स्वतःच्या आठवणीची भीती वाटली. कपची त्याने उडवली होती हे नक्की. पण हातोडी मारायच्या आधी कोणीतरी ‘अरे, हे हिरवं काय?’ म्हटलं होतं. तो आवाज कोणाचा होता? आठवणीत तो काठावर उभा होता आणि ती पाण्यात. काठावरून तो डाग दिसला असता का? तो काठाकडे पाहू लागला. बाभळींमुळे काही ठरवता येईना. इतकी वर्षं ज्या एका क्षणाच्या आधाराने त्याने स्वतःला या पट्ट्याचा मालक समजलं, तो क्षण कदाचित मुळात तिचाच होता. हे कळल्यावर मन मोकळं व्हायला हवं होतं. उलट काहीतरी कडक झालं, सांधा आखडतो तसं.

नयन त्याला यंत्राचे आकडे दाखवू लागला. विठ्ठलरावांच्या शेताखाली एका ठिकाणी वीज अडकून राहत होती, धातूचे कण विखुरलेले असले की राहते तशी. तिथेच मातीतही तांबं चढलेलं होतं, आणि हिरव्या डागाची शीर वाकून त्याच बाजूला जात होती. साजिदला पाहताक्षणी कळलं की जागा बरोबर आहे. नुसती बरोबर नाही, सुंदर आहे. त्याने स्वतः ठरवली असती तर हीच ठरवली असती, फक्त त्याला आणखी दहा वर्षं लागली असती. ‘ठीक आहे,’ तो म्हणाला. ‘पाहून घ्या अजून.’ गझालाने त्याच्याकडे पाहिलं. तिला यापेक्षा जास्त हवं होतं, हे त्याला दिसलं, आणि ते न देण्यात एक बारीक सुख होतं.

ती दोघं वरच्या बांधाकडे मोजमापाला गेली तेव्हा साजिद विहिरीपाशी विठ्ठलरावांजवळ बसला. विहीर दगडी, काठोकाठ नाही पण भरलेली. सोयाबीन कंबरेएवढं उभं होतं, त्यात मध्येच तुरीची तासं. विठ्ठलरावांनी सुपारी कातरून पुढे केली. ‘मॅडम म्हन्तात नुसतं भोक पाडाचं हाये, काही होत नाई. तुम्ही तं घरचेच. खरं काय ते सांगा, कराव का नाई?’

वर बांधावर गझाला हसली. वाऱ्यावरून आलं ते हसणं, शब्दांशिवाय. साजिद विहिरीच्या पाण्याकडे पाहत म्हणाला, ‘कागदावर काही होत नाई काका. पण खडकाले चीर गेली अन् झरा तिकडं वळला, तं विहीर आटते. मग कोनाले धरसान?’

‘असं होते?’

‘होऊ शकते.’

‘मॅडमनं तं सांगतलं नाई.’

‘त्याहिले वरून काम असते ना,’ साजिद म्हणाला. भोक पाडून झालं की ते सिमेंटने बुजवतात, विहिरीपासून इतक्या दूरच्या असल्या भोकाने पाणी हलत नाही, हे तो दरवर्षी वर्गात फळ्यावर काढून शिकवायचा. विठ्ठलरावांनी अडकित्ता मिटून खिशात ठेवला. मग म्हणाले, ‘बरं झालं तुम्ही आले.’ आणि त्यांनी साजिदच्या गुडघ्यावर हात ठेवला, जड, विश्वासाने भरलेला हात. परतताना संपूर्ण रस्ता साजिदला गुडघ्यावर ते वजन जाणवत होतं. गझाला मागच्या सीटवर नयनशी भोक पाडणारं रिग कोणत्या रस्त्याने आणायचं त्याबद्दल बोलत होती, आणि त्याला प्रथमच ते बोलणं ऐकवत होतं, लहान मुलांच्या खेळातलं बोलणं ऐकावं तसं.

विठ्ठलरावांचा नकार चार-पाच दिवसांत आला. त्यांनी कारण दिलं नाही. ‘जमत नाई मॅडम’, इतकंच. दुसऱ्या जागा होत्या, पण शीर जिथे जात होती ती जागा तीच, आणि ऑफिसातून एकाच भोकाची परवानगी होती. ते कोरडं गेलं तर संपूर्ण पट्ट्यावर ‘शक्यता कमी’ असा शिक्का बसणार, मग कित्येक वर्षं तिकडे कोणी फिरकणार नव्हतं. गझालाने हे सगळं स्वयंपाकघरात उभं राहून सांगितलं. किती दिवसांनी ती बोलत होती! तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. तो तिच्या केसांवरून हात फिरवत राहिला. ‘होईल काहीतरी,’ तो म्हणाला. तिच्या केसांना ऊन आणि धुळीचा वास होता. ती आपल्याकडे परत आली आहे, हरून का होईना; आणि या सुखाची चव इतकी खरी होती की तिच्या मुळाशी काय आहे ते त्याने त्या घटकेला दूर सारलं. चहा केला. तिने विचारलेल्या प्रश्नांची मन लावून उत्तरं दिली. पर्यायी जागा सुचवल्या. त्या सगळ्या वाईट होत्या आणि त्याला ते ठाऊक होतं.

मग एका दुपारी कॉलेजातून तो घरी आला तर ती आधीच आलेली. दारात बूट, ओले. ती खुर्चीवर सरळ बसली होती.

‘विमलताईले भेटून आली,’ ती म्हणाली. ‘पाय धरले मी त्यायचे, म्हटलं कारण तं सांगा. त्या रडल्या. म्हने, पोरी, तुह्याच घरच्यानं सांगतलं, विहीर आटते म्हून.’

साजिद उभाच राहिला. पिशवी खाली ठेवायची राहिली.

‘तू सांगतलं?’

‘हो.’

‘काहून?’

त्याने तोंड उघडलं. ‘नयन,’ तो म्हणाला.

ती त्याच्याकडे पाहत राहिली, खडकाकडे पाहते तशी, घाव घालायच्या आधी. ‘नयनचं काय?’

‘तू दिवसभर त्याच्याबरोबर. सगळं त्याच्याशी बोलतेस. इथं येतेस तं...’

‘नयनचा राग असता तं तू नयनले काही केलं असतं,’ ती सावकाश म्हणाली. ‘त्याची बदनामी केली असती, मले जाऊ नको म्हटलं असतं. माह्याशी भांडला असतास. तू तं शेत बंद केलं, साजिद. तुले माहीत होतं ना तिथं आहे म्हून? पाह्यल्याबरोबर समजलं होतं ना तुले?’

एवढ्या महिन्यांचा तो मत्सर, जो त्याने नयनच्या नावाने सांभाळला, कुरवाळला, रात्री उशाशी घेतला, त्याचं तोंड तिने नुसतं वळवून दाखवलं होतं. ते तिच्याकडेच होतं. तिच्या हलक्या पावलांकडे, जीभ बाहेर काढून घातलेल्या घावाकडे, आणि त्या सहज ‘मी’कडे. तिच्यावर दुसऱ्याचा हक्क नको म्हणून तो जळत नव्हता. तिच्या जागी आपण नाही म्हणून जळत होता. बायकोचा मत्सर करायला पुरुषाकडे शब्दच नसतो, म्हणून त्याने शेजारचा शब्द उचलला होता. हे त्याला तिथे उभ्या उभ्या समजलं आणि समजून काहीच हलकं झालं नाही. ‘मिठाई आणली होतीस तू,’ गझाला म्हणाली, ‘तेव्हाच मले तुह्याकडे पाहवत नव्हतं. मी म्हटलं, जाईल हळूहळू. म्हून तं रोज येऊन सांगत होती. सगळं सांगत होती. मग थकली.’

दुसऱ्या दिवशी तिने ऑफिसात सगळं सांगून टाकलं. शेतमालकाला चुकीची माहिती माझ्या घरातून गेली. मला या कामावर ठेवणं बरोबर नाही, असं म्हणाली. कोणी विचारलंही नव्हतं. साहेब नको नको म्हणत होते असं नंतर कळलं. काम नयनकडे गेलं, आणि ती बाभुळगाव भागातल्या विहिरींच्या पाण्याची पातळी मोजायला जाऊ लागली. मात्र त्याआधी ती एकदा टेंभरीला जाऊन आली. विठ्ठलरावांच्या ओसरीवर बसून तिने भोक कसं पाडतात, कसं बुजवतात ते समजावलं. विहिरीची पातळी आधी आणि नंतर तुमच्या डोळ्यांदेखत मोजू म्हणाली, आणि पुढे खरंच खाण करायची वेळ आली तर तेव्हा नाही म्हणायचा तुमचा हक्क तुमच्याजवळ राहील, हेही. सोयाबीन निघालं की या, असं विठ्ठलराव म्हणाले. मिस्त्रीच्या पोराबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही. घरी येऊन तिने साजिदला मुद्दाम एवढंच सांगितलं; बाकीचं त्याला नंतर कळलं.

त्यानंतरचे दिवस भांडणाचे नव्हते. भांडण असतं तर भिंती तरी गरम झाल्या असत्या. ती वेळेवर यायची, तो भाजी चिरायचा, दोघं टीव्हीसमोर जेवायचे. वर्गात विहिरीची आकृती काढताना खडू थांबायचा. पोरं वर बघायची. तो खोकून पुढे जायचा. एकदा त्याला विठ्ठलरावांना फोन करावंसं वाटलं. त्याने केलाही. ‘काका, मी त्या दिवशी जे बोललो ते खरं नव्हतं.’ पलीकडे थ्रेशरचा आवाज होता. ‘ठाऊक हाये,’ विठ्ठलराव म्हणाले. ‘कामात आहो जरा.’ आणि फोन ठेवला.

रिग टेंभरीला गेलं ते नोव्हेंबरात. घरात त्याचा उल्लेख झाला नाही, पण गझाला फोन उशाजवळून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून गॅलरीत घेऊन फिरू लागली. रविवारी, दुपारची जेवणं आटोपून ती ताटं पुसत असताना तो वाजला. हात ओले म्हणून तिने स्पीकरवर टाकला.

‘मॅडम, लागलं!’ नयनच्या मागे इंजिन धडधडत होतं, माणसं बोलत होती. ‘आत्ताच कोअर वर आला. पितळेवानी शीर आहे मॅडम, बोटभर जाड, अन् आजूबाजूच्या खडकातही कण विखुरलेले. सोन्याचं तं लॅबमधून आल्यावरच समजंल. पण तांबं आहे. चांगलं आहे. तुमचीच जागा, मॅडम. फोटो टाकतो.’

‘कडेचा खडक बदललेला आहे काय?’ तिने विचारलं.

‘पूर्ण बदललेला. हिरवट, मऊ.’

‘अन् खाली चालूच आहे शीर?’

‘चालूच आहे.’

‘अभिनंदन नयन,’ ती म्हणाली. ‘खूप चांगलं काम केलं तुम्ही.’ फोन बंद झाला. ती हसत होती. कोरडं झालेलं ताट ती पुसतच राहिली. ओठांवरचं हसू गरजेपेक्षा थोडं जास्त वेळ टिकलं, मग कडेने ताणलं गेलं, आणि डोळे त्या हसण्याच्या मागे कुठेतरी एकटे उभे राहिले. साजिदने हा चेहरा बाहेरून कधी पाहिला नव्हता. आतून तो त्याच्या रोजच्या राहण्यातला होता. त्याचा कोपरा न् कोपरा, कुठे ओल येते, कुठे पापुद्रे सुटतात, सगळं त्याला माहीत होतं. आपल्यापाशी असलेली एकच गोष्ट आपण तिला दिली, असं त्याला वाटलं.

फोनची स्क्रीन उजळली. फोटो आला होता. तिने तो पाहिला नाही. फोन ओट्यावरून त्याच्याकडे सरकवला.

‘मले नाई पाहवत,’ ती म्हणाली. ‘तू पाह्य. कसा आहे ते सांग.’

त्याने फोन उचलला. लाकडी पेटीत भोकातून काढलेल्या कोअरचे, खडकाच्या गोल कांडीचे, तुकडे ओळीने लावलेले होते, पाणी मारून ओले केलेले. करड्या हिरव्या खडकातून पिवळीधमक शीर आरपार गेली होती, तिच्या दोन्ही बाजूंना कण पसरलेले, कडांशी गारगोटीचा पांढरा पदर. त्याने असा तुकडा आयुष्यात हातात धरला नव्हता. ‘बरा आहे’ म्हणता आलं असतं. वरवरचा वाटतो, खाली टिकणार नाही, एक शीर म्हणजे पट्टा नव्हे. वाक्यं आपोआप जिभेवर येऊन उभी राहिली, सगळी सभ्य, सगळी शास्त्रशुद्ध. ती ओट्याला टेकून वाट पाहत होती, डोळे खाली.

‘चांगला आहे,’ साजिद म्हणाला. ‘गझाला, फार चांगला आहे. मी असा पाह्यला नाई कधी.’

तिने मनगटाने नाक पुसलं.

‘आज खोटं बोलला असतास तं चाललं असतं मले,’ ती म्हणाली, आणि फोन त्याच्या हातातून ओढून घेऊन खिडकीच्या उजेडात गेली, आणि दोन बोटांनी तो दगड मोठा केला, अजून मोठा केला.